पिशव्या घातलेले आरसे

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत भगवान महाजनच्या बंगल्यावर चहाला जायचं म्हटलं की लोक आधी आपापल्या घरी चहा पिऊन निघत. कारण तिथे चहाच्या आधी आरसे येत. म्हणजे आरसे आपल्या जागेवरच असत, पाहुण्यालाच त्यांच्यापुढून फिरवलं जाई. भगवान मोबाइलची बॅटरी लावून पुढे चाले, जसा काही भुयारात उतरलाय. ‘हा पाहा, बेल्जियम,’ तो म्हणे. दोन पावलं सरकून, ‘हा पण बेल्जियम.’ जिन्यापाशी पोचेपर्यंत पाहुण्याची खात्री पटलेली असे की त्या देशात आरशांशिवाय दुसरं काही पिकतच नसावं. एकदा समोरच्या श्रीकांतने सरळ विचारलं, हे बेल्जियम आलं कुठे? भगवानने जरा छताकडे पाहिलं आणि सुरतेच्या पुढे, असं सांगून टाकलं. मध्ये समुद्र लागतो, हेही जोडलं.

माणूस बिनकामाचा होता असं कोणी म्हणणार नाही. तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बाजूला त्याच्या बापाची, निंबा महाजनची, केळीची बाग. बापाने राखली, याने वाढवली. केळीत त्याची नजर अशी तयार की घडावर मुगाएवढा काळा ठिपका असला तरी तो लांबून हेरी. करप्याचा डाग एखाद्या पानावर दिसला की फवारणीवाल्याचा उद्धार व्हायचा. ‘डागी माल माणसं खातात का?’ हे त्याचं शेतातलं ठरलेलं वाक्य. आणि हाच माणूस पूल ओलांडून घरी आला की डागांपुढे हात जोडून उभा. त्याच्या आरशांवर डाग होते, ओघळ होते, पाठीचा पारा उडून पडलेली भोकं होती, आणि एकाच्या पोटातून तर मागची फळी दिसत होती. त्या फळीलाही तो बॅटरी दाखवी.

हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. ते नाशिकहून आलं, वंदनाबाईंच्या पदराला बांधून.

वंदनाबाई म्हणजे भगवानची होणारी विहीण. मुलगी योगिता हिचं नाशिकच्या निरंजनशी जमत आलं, तेव्हा वंदनाबाई बुऱ्हाणपूरला घर पाहायला आल्या होत्या. हॉलमध्ये बसल्या, केळीचे वेफर्स दोन बोटांत धरून खाल्ले, चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, घर ऐसपैस आहे हो, भिंती मात्र अगदीच मोकळ्या राहिल्यात. एवढंच. दुसऱ्या कोणी हे बोललं असतं तर भगवानने भिंतीवर सोसायटीचं कॅलेंडर टांगून विषय संपवला असता. पण पुढे साखरपुड्याला ही मंडळी नाशिकला गेली, तर वंदनाबाईंच्या फ्लॅटच्या बोळात शिसवी चौकटीतला एक जुना आरसा. ताटलीएवढा. त्या आरशाबद्दल वंदनाबाई जेवणाची पानं मांडेपर्यंत बोलत होत्या. सासरे, सासऱ्यांचे वडील, त्यांची आवडनिवड, आणि मग जाता जाता, ‘अर्थात, अशा वस्तूंची पारख सगळ्यांनाच असते असं नाही.’ हे म्हणताना त्या भगवानकडे पाहत नव्हत्या. तेच त्याला लागलं. त्या पाहून बोलल्या असत्या तर त्याने हसून सोडून दिलं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीत त्याने बायकोला, यमुनेला, सांगितलं की त्या बाईला आपल्या घरात उभी करून गप्प करीन. एकदाच, पण गप्प. यमुनेने खिडकीची काच वर केली आणि डोळे मिटले.

आता इतवाऱ्याच्या बाजारात यादव नावाचा एक माणूस जुन्या वस्तू विकतो. त्याच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या माणसाची गरज तो चपलांवरून ओळखतो म्हणतात. भगवानच्या चपलांवर बागेतली माती होती आणि मनगटावर सोन्याचं कडं होतं, म्हणजे यादवला फार डोकं चालवावं लागलं नाही. पहिला आरसा त्याने नुसता दाखवला. दुसऱ्याला गोष्ट चिकटवली. तिसऱ्यापासून गोष्ट आधी आणि आरसा मागून येऊ लागला. कोणी बेगम, कोणी जमीनदार, कोणी इंग्रज साहेबाची मड्डम, सगळ्यांनी आपलं तोंड पाहून झाल्यावर आरसा यादवकडे आणून दिलेला. भगवानने एकदाच, अगदी पहिल्या दिवशी, घाबरत विचारलं होतं की हे डाग? यादवने आरशावर तळहात ठेवला, जसा कोणी आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतो, आणि म्हणाला, ‘सेठ, ये दाग नहीं हैं. ये उमर है.’

झालं. त्या दिवसापासून ज्या आरशात जितकं कमी दिसे, तितका तो भगवानला थोर वाटू लागला.

पानठेल्याच्या पाठीला असतो तसला हंसाची जोडी रंगवलेला आरसा त्याने देवघरासमोर लावला. न्हाव्याकडचा वाटावा असा एक लांबोडका जेवणाच्या टेबलावर आला, त्यामुळे जेवताना प्रत्येकाला स्वतःच्या मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे. जिन्यात एक असा की त्यात माणूस बुटका दिसे, आणि त्याच्यावरचा असा की त्यात कपाळ गायब. सगळ्यांचा राजा म्हणजे हॉलमधला. दारासमोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीचा, वर लाकडी मोर, आणि आत काय? तर आषाढातलं आभाळ. त्याच्यापुढे लाल साडीची बाई उभी राहिली तर आत कुठेतरी तांबूस काहीतरी हलल्याचा भास होई, इतकंच. भगवान म्हणे, ह्या काचेत असं आहे की गळ्याची शीर उडताना दिसते. मग बॅटरीचा झोत स्वतःच्या गळ्यावर टाकून वाट बघत उभा राही. बघणाराही उभा राही. काय करणार, चहा अजून यायचा असे.

यमुनेने एकदा तो हॉलमधला आरसा कागदाचा बोळा आणि व्हिनेगर घेऊन चांगला घासला. बाईने सरळ मनाने केलं. भगवान बागेतून आला, वास ओळखला, आणि देव्हाऱ्यातली मूर्ती फुटावी तसा चेहरा करून बसला. डाग गेले असते तर? डाग गेले नव्हते. ते बेल्जियमहूनच पक्के होते. त्यानंतर यमुना कुंकू लावायला वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटासमोर जाई, आणि योगिता शेजारी. घरात आरसेच आरसे आणि घरची मुलगी केस विंचरायला भिंतीपलीकडे, हे पाहून गल्लीची करमणूक झाली ती वेगळीच. ‘आमच्याकडे कंगवा आहे, आरसा नाही,’ असं ती हसत सांगे, आणि आतल्या आत रडवेली होई. बापाला मात्र म्हणे, ‘पप्पा, प्लीज, शादी के बाद लगाओ ना ये सब.’ शादी के बाद कोण बघणार होतं? ज्या बाईसाठी हा खटाटोप, ती शादीपर्यंतच येणार.

आणि इथे भगवानने आपली सगळी अक्कल पणाला लावली. लग्न बुऱ्हाणपुरातच, शहराबाहेरच्या लॉनवर. नाशिकची मंडळी हॉटेलात उतरणार, तिथून लॉनवर, लॉनवरून नवरी घेऊन परत. म्हणजे वंदनाबाई बंगल्यात पाय ठेवणार कधी? योगिताला हळद लॉनवरच हवी होती, पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, डीजे, मैत्रिणी, फोटोवाला. सगळं ठरलंही होतं. भगवानने ते मोडलं. म्हणाला, आपल्यात नवरदेवाची उष्टी हळद वरमाय स्वतः नवरीच्या घरी घेऊन येते आणि घरच्या पाटावर लावते, ही आपली परंपरा आहे. ‘परंपरा’ हा शब्द त्याने याआधी फक्त केळीच्या जुन्या वाणाबद्दल वापरला होता. योगिता दोन दिवस जेवली नाही. वंदनाबाईंना मात्र फोनवर ते ऐकून बरं वाटलं. त्या म्हणाल्या, वा, तुमच्याकडे अजून हे पाळतात? भगवान म्हणाला, सगळं पाळतात.

हे वाक्य त्याच्या आईच्या कानावर जायला नको होतं.

गोदाबाई, भगवानची आई, बंगल्यात राहत नसे. तिचं जैनाबादला बागेशेजारी घर, दोन म्हशी आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत. हळदीच्या आदल्या दिवशी ती आली, चपला काढल्या, वर पाहिलं, तर समोर, बाजूला, जिन्यात, टेबलावर अर्धवट अर्धवट गोदाबाया. एकीला डोकं नाही, एकीला पाय नाहीत. तिने पदर सावरला आणि सगळं घर एकदा फिरून आली. मग पोराला बोलावलं. उद्या पोरीला हळद लागली की लग्न लागेपर्यंत तिने स्वतःचं तोंड पाहायचं नाही, हे तुला ठाऊक आहे ना, असं तिने विचारलं. भगवानला ठाऊक होतं. खानदेशात कोणाला ठाऊक नसतं? लहानपणी त्याच्या बहिणीच्या हळदीला त्यानेच घरातला एकुलता एक आरसा गव्हाच्या कोठीत दडवला होता. पण आरसे खरेदी करायच्या भरात माणसाला गव्हाची कोठी कुठून आठवणार!

‘माय,’ तो म्हणाला, ‘हे पाहायचे आरसे नाहीत.’

‘मंग कायचे हायत?’

‘दाखवायचे.’

गोदाबाईने लेकाकडे असं पाहिलं की त्याने आपण होऊन मान खाली घातली. ‘झाक,’ ती म्हणाली. ‘सगळे. तूच म्हनत होता ना, परंपरा?’

त्याने गयावया केली. हॉलमधला एक तरी उघडा राहू दे, योगिताला पाठमोरी बसवू. गोदाबाईचं म्हणणं पडलं की पोर आहे, मान वळवते, दगड नाही. यमुनेकडे चादरी मागितल्या तर त्या सगळ्या पाहुण्यांच्या गाद्यांवर गेलेल्या. साड्यांचं नाव काढताच तिने कपाटाची किल्ली कमरेला खोचली. शेवटी गोदाबाईनेच बागेवर निरोप धाडला आणि शेडमधून गठ्ठा आला. केळीच्या घडाला डाग पडू नये म्हणून बागेत त्यावर पांढरी पातळ पिशवी चढवतात, वरून सुतळी बांधतात. त्या पिशव्या. डागी आरशांवर डाग पडू न देणाऱ्या पिशव्या चढल्या. मोठ्या आरशाला तीन लागल्या. भगवानने स्वतःच्या हाताने सुतळ्या बांधल्या, बागेतली गाठ, एका झटक्यात सुटणारी. पंखा लावला तशा सगळ्या पिशव्या फुगल्या आणि त्या बंगल्याची एका क्षणात बाग झाली. कापणीला आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनई लावून नाशिकची मंडळी आली. वंदनाबाई पुढे, हातात चांदीचं ताट, ताटात निरंजनला लावून उरलेली हळद. उंबऱ्यावर यमुनेने पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आत घेतलं. भगवान नवं धोतर नेसून भिंतीशी उभा होता. वंदनाबाईंनी नजर वर केली. भिंतीभर पांढऱ्या पिशव्या हेलकावत होत्या.

‘अहो महाजनसाहेब,’ त्या मऊ आवाजात म्हणाल्या, ‘माल घरातच ठेवता का?’

मागच्या बायकांमधून पदराआड हसण्याची एक लाट गेली. भगवानने घसा साफ केला आणि सांगितलं की हे आरसे आहेत. अँटिक. बेल्जियमचे. हळद म्हणून झाकलेत, नाहीतर गळ्याची शीरसुद्धा दिसते त्यांत... वंदनाबाईंनी मान डोलावली, लहान मुलाच्या थापेला डोलावतात तशी. ‘असतील ना,’ त्या म्हणाल्या, आणि ताट घेऊन पाटाकडे वळल्या.

असतील! एवढ्या महिन्यांचं त्याचं सगळं त्या एका शब्दात गुंडाळलं गेलं. योगिता पाटावर बसली होती. गोदाबाईने पहिलं गाणं धरलं, वंदनाबाईंनी हळद सुनेच्या गालांना लावली, हातांना लावली, पावलांना लावली. पोरगी पिवळी धमक झाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. पण भगवानचं त्यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. त्याच्या कानात ‘असतील ना’ घुमत होतं, आणि तेवढ्यात नाशिककडची कोणी बाई दुसरीला हळूच म्हणाली की दुपारी पिशवी काढून केळ्यांची फणी वाढतील बहुतेक. भगवानने हात वर केला. बागेतली गाठ. एका झटक्यात सुटली.

तीनही पिशव्या खाली आल्या. मोर उघडा पडला, आरसा उघडा पडला, आणि बरोबर त्याच्यासमोर पाटावर, हळदीने माखलेली योगिता, मान वर करून बघत होती.

गाणं थांबलं. यमुनेच्या हातातली वाटी कलंडली. वंदनाबाई, ज्या घटकेपूर्वी एवढ्या शहरी होत्या, त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी ताट खाली ठेवलं. आमच्याकडे हे फार कडक असतं, त्या म्हणाल्या, नवरीने आरसा पाहिला तर आमच्या घरात तो मुहूर्त धरत नाहीत. त्यांच्या नणंदेचं लग्न असंच पुढे ढकललं होतं. त्यांनी निरंजनच्या वडिलांना फोन लावायला पर्स उघडली. लॉन, मंडप, आचारी, गावभर वाटलेल्या पत्रिका, सगळं त्या पर्सच्या चेनपाशी येऊन थांबलं. योगिता रडायला लागली तसे तिच्या गालावरच्या हळदीला ओघळ पडले.

गोदाबाई तेवढी जागची हलली नव्हती. ‘पोरी,’ तिने विचारलं, ‘तुले त्याच्यात काय दिसलं?’

योगिताने डोळे पुसले. ‘कुछ नहीं, आजी. खरंच काही नाही. धुरासारखं.’

वंदनाबाईंचा विश्वास बसेना. घाबरलेली मुलगी, ती असंच म्हणणार. त्या उठल्या, आरशाजवळ गेल्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. नाकाच्या जागी काळा डाग, डोळ्यांच्या जागी पांढरी भोकं. तरी त्यांची शंका जाईना, मला कानातलं थोडं चमकल्यासारखं वाटलं, त्या म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि पहिल्यांदाच भगवानकडे सरळ पाहून बोलल्या.

‘महाजनसाहेब, तुमचा आरसा आहे, तुम्हीच सांगा. मघाशी मला म्हणालात, गळ्याची शीरसुद्धा दिसते. ह्यात चेहरा दिसतो की नाही?’

सगळं घर त्याच्याकडे बघत होतं. दारात गल्ली उभी होती, आणि ह्या गल्लीतल्या एकेकाला त्याने त्या काचेपुढे गळ्यावर बॅटरी मारून दाखवली होती. ती माणसं आता काय बोलणार? मजा अशी फुकट कोण घालवतो! वंदनाबाई आपल्या आरशासमोर उभ्या आहेत आणि गप्प आहेत, एवढ्या एका गोष्टीसाठी माणूस वर्षभर झुरला होता. त्या उभ्या होत्या. गप्पही होत्या. उत्तराची वाट बघत.

‘नाही दिसत,’ भगवान म्हणाला.

‘काय म्हणालात?’

‘काही दिसत नाही ह्यात. कधीच दिसलं नाही.’

‘मग लावलाय कशाला?’

याचं उत्तर गोदाबाईकडे होतं, पण विहिणीसमोर तिने ते गिळलं. ती फक्त म्हणाली, ‘विहीणबाई, ज्याच्यात दिसत नाही तो आरसा कायचा? लाकडाची फळी म्हना. हळद लावा.’ वंदनाबाईंनी आणखी एकदा वाकून स्वतःला शोधलं, सापडल्या नाहीत, आणि त्यांनी पर्सची चेन ओढून घेतली. ताट पुन्हा हातात घेतलं. गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच गोदाबाईने उचललं. भगवानने पिशव्या गोळा करून पुन्हा चढवल्या, कोणी सांगितलं नसताना.

जाताना वंदनाबाई प्रसन्न होत्या. परंपरा पाळणारं घर आहे, असं त्यांनी यमुनेला दोनदा सांगितलं. भिंतींबद्दल काही बोलल्या नाहीत.

लग्न वेळेवर लागलं. अक्षता पडल्या, हार घातले गेले, आणि मग मैत्रिणींनी गलका केला की आता नवरीला तोंड पाहू द्या. आरसा कोणाकडे? यमुनेच्या पिशवीत एक होता, गुलाबी प्लॅस्टिकचा, हातावर मावणारा. तो माणसांच्या हातांतून सरकत सरकत नेमका भगवानपाशी आला, आणि त्याला धरावा लागला. योगिताने पाहिलं. टिकली तिरकी झाली होती. ‘पप्पा, थोडा ऊपर,’ ती म्हणाली, आणि बोटाने ती सरळ केली. बाजूला वंदनाबाई उभ्या होत्या. त्यांनी त्या गुलाबी आरशाकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे.

‘हाही बेल्जियमचा का?’

‘नाही विहीणबाई,’ भगवान म्हणाला, आणि आरसा आणखी थोडा वर धरला. ‘इतवाऱ्याच्या बाजारातला आहे. ह्यात दिसतं.’

बंगल्यातल्या पिशव्या अजून निघालेल्या नाहीत. विचारलं तर भगवान म्हणतो, धूळ बसते म्हणून. चहा मात्र आता लगेच येतो, आणि चांगला असतो.